सिनेमातला हॅकर आणि आपल्या फोनवरचा चोर



हल्ली गटाच्या बैठकीत एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. "ताई, माझा फोन हॅक झाला हो." मग जरा खोलात शिरून विचारलं, की नेमकं काय झालं, तर गोष्ट निराळीच निघते. कुणाचा तरी फोन आला होता. बोलणारा गोड बोलत होता. त्याने मेसेजमध्ये आलेला सहा आकडी नंबर विचारला, हिने तो वाचून दाखवला, आणि खात्यातले पैसे गेले.

हा "हॅक" शब्द आपल्याकडे बहुतेक सिनेमातून आणि टीव्हीवरून आला. शब्दाबरोबर एक चित्रही आलं. अंधारी खोली, चार-पाच पडदे, त्यांवर हिरवी अक्षरं पावसासारखी पडतायत, एक पोरगा खाली न बघता फटाफट बटणं दाबतोय आणि मिनिटभरात ओरडतो, "आत शिरलो!" या वेळच्या पाठात आपण हे चित्र तपासून बघू. ते डोक्यात बसल्यामुळे आपण भलत्याच दाराला कडी लावून बसतो, आणि खरं दार उघडंच राहतं.

रक्ताची बाटली आणि कॉम्प्युटर

"अमर अकबर अँथनी" तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बघितला असेल. १९७७ सालचा. त्यात तिघं भाऊ ओळीने खाटांवर झोपलेत, तिघांच्या हातातून रक्त नळीने वर जातं, एकत्र होतं आणि तिथून थेट आईच्या अंगात. बघताना डोळ्यांत पाणी येतं. पण उद्या घरात कुणाला रक्त लागलं, तर आपण सिव्हिलमध्ये जाऊन "तिघा पोरांना ओळीने झोपवा" असं म्हणत नाही. कारण दवाखाना आपण बघितलाय. रक्ताचा गट बघतात, तपासतात, पिशवी येते, हे ठाऊक आहे. तसंच चुलीपुढे बसलेल्या हिरॉइनच्या साडीला काजळीचा एक डाग नसला, की आपण लगेच हसतो.

कॉम्प्युटरचं मात्र तसं होत नाही. त्याच्या पोटात काय चालतं ते आपण कधी बघितलेलं नसतं. ताडून बघायला काहीच नाही म्हटल्यावर पडद्यावर दाखवतील ते खरं वाटतं. शिकलेल्या माणसांचंही हेच होतं बरं का, हे काही खेड्यातल्या बायांपुरतं नाही.

सिनेमावाल्यांची अडचणही समजून घ्या. कॉम्प्युटरवरचं खरं काम बघायला फार कंटाळवाणं असतं. माणूस तासन्‌तास वाचत बसतो, चार शब्द टाइप करतो, चुकतो, पुन्हा वाचतो. याचा सिनेमा कोण बघणार? म्हणून मग रंग, आवाज आणि धावणारी अक्षरं येतात. "मॅट्रिक्स" नावाच्या १९९९ च्या इंग्रजी सिनेमातली पडणारी हिरवी अक्षरं जगभर गाजली. ती तयार करणाऱ्या कलाकाराने पुढे सांगून टाकलं, की ती अक्षरं त्याने बायकोच्या जपानी स्वयंपाकाच्या पुस्तकांतून घेतली होती! म्हणजे लोकांनी श्वास रोखून जे बघितलं, त्याचं मूळ पाककृतीत होतं. "इंडिपेन्डन्स डे" (१९९६) मध्ये तर आपल्या पृथ्वीवरचा एक लॅपटॉप परग्रहावरच्या यानाला जोडतात आणि त्यात व्हायरस सोडतात. इथे घरात जुन्या फोनचा चार्जर नव्या फोनला बसत नाही.

आकडा-आकडा करून कुलूप उघडत नाही

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सिनेमात चोर एक यंत्र लावतो. त्यावर आकडे गरागरा फिरतात. पहिला आकडा थांबतो, मग दुसरा, मग तिसरा, चौथा, आणि तिजोरी उघडते. बघणाऱ्याला वाटतं, आपला चार आकडी पिनही असाच काढत असतील.

खऱ्या मशीनला तुम्ही चार आकडे दिले, की ते एकच उत्तर देतं. बरोबर किंवा चूक. "पहिला आकडा जमला, पुढचा बघ" असं ते कधीच सांगत नाही. फरक किती पडतो बघा. प्रत्येक आकड्याचं उत्तर वेगळं मिळालं असतं, तर एकेका आकड्याला जास्तीत जास्त १० वेळा, म्हणजे चार आकड्यांना ४० प्रयत्नांत काम झालं असतं. पण उत्तर एकदमच मिळतं, त्यामुळे ०००० पासून ९९९९ पर्यंत १०,००० शक्यता राहतात. आणि एटीएमवर तर साधारण तीनदा चुकलं की कार्ड त्या दिवसापुरतं अडतं. दहा हजारांत तीन संधी. चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून तो त्या वाटेला जातच नाही.

पण पिन १२३४ असेल, जन्मसाल असेल किंवा एटीएमच्या पाकिटावरच पेनाने लिहून ठेवला असेल, तर हा सगळा हिशोब वाया गेला. एक सिनेमा आहे, "वॉरगेम्स", १९८३ चा. त्यात पोरगा लष्कराच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड यंत्राने फोडत नाही. तो बनवणाऱ्या माणसाविषयी वाचत बसतो आणि त्याच्या वारलेल्या मुलाचं नाव टाकतो. ते चालतं. सिनेमातल्या हॅकिंगमधला हा प्रसंग खऱ्याच्या फार जवळचा आहे. आपणही मुलाचं नाव, लग्नाची तारीख, गटाचा स्थापना दिवसच ठेवतो ना?

एका मिनिटात नाही, एका वर्षात

"स्वॉर्डफिश" या २००१ च्या सिनेमात हॅकरच्या डोक्याला पिस्तूल लावतात आणि साठ सेकंदांत सरकारी कॉम्प्युटर उघडायला सांगतात. आता खरी चोरी ऐका. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरांनी फिलिपिन्समध्ये नेले. सुरुवात झाली होती वर्षभर आधी, जानेवारी २०१५ मध्ये. बँकेच्या कर्मचाऱ्यांना साधे ई-मेल आले: मला नोकरी हवी आहे, माझी माहिती सोबत जोडली आहे. ती जोडलेली माहिती उघडली गेली आणि घुसखोर प्रोग्रॅम आत आला. मग चोर वर्षभर गपचूप बघत बसले. तिथे सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून चोरीला गुरुवारची रात्र निवडली. त्यांना खरं तर ९५ कोटी डॉलर न्यायचे होते. श्रीलंकेला पाठवलेल्या २ कोटी डॉलरच्या व्यवहारात त्यांनी "फाउंडेशन" ऐवजी "फँडेशन" लिहिलं, कुणाला तरी शंका आली आणि तेवढी रक्कम परत मिळाली. एवढी मोठी टोळी, आणि अडली कुठे? शुद्धलेखनात.

आपल्या पुण्यातही घडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. चोरांनी कार्डाच्या व्यवहाराला मंजुरी देणारी खोटी यंत्रणा उभी केली. पण नोटा काही तारेतून बाहेर येत नाहीत. त्यासाठी २८ देशांत माणसं बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहिली. आपल्याकडे कोल्हापुरात, मुंबईत, इंदूरमध्येही पैसे निघाले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ज्यांना आपण हॅकर म्हणतो, त्या कामात पैसे काढणारे हमाल असे पुष्कळ लागतात.

माणसाने काहीही न दाबता फोनमध्ये शिरणारे प्रोग्रॅमही जगात आहेत. २०२१ मध्ये पेगॅससचं नाव गाजलं ते तेच. पण ते अतोनात महाग असतात. पत्रकार, पुढारी अशांवर पाळत ठेवायला ते वापरल्याच्या बातम्या आल्या. आपल्या खात्यातल्या शेळीच्या पैशांसाठी एवढा खर्च कुणी करत नाही.

आपल्याकडे येतो तो दार वाजवतो

"सीआयडी"मधला दया आठवा. दार बंद दिसलं की खांद्याने तोडतो. सिनेमातला हॅकर म्हणजे हा दया. आपल्याकडे येणारा चोर मात्र शांतपणे कडी वाजवतो आणि म्हणतो, "ताई, जरा दार उघडता का?" त्याच्याकडे ना पाच पडदे ना हिरवी अक्षरं. साधा फोन, नंबरांची यादी आणि जीभ. झारखंडच्या जामताडा जिल्ह्यातल्या पोरांनी यातून देशभर नाव काढलं, वाईट अर्थाने. त्यावर २०२० मध्ये "जामताडा" ही मालिका आली. अंगाला धूळ लागलेली साधी पोरं फोनवर बोलतायत, एवढंच त्यात दिसतं. म्हणून ती खरी वाटते.

आता आपल्या कामातलं उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गटाच्या पापडाची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते आहे. फोन येतो.

"ताई, मी लष्करातून बोलतोय. आमच्या कँटीनला पन्नास किलो उडदाचे पापड पाहिजेत. भाव काय?"

तुम्ही भाव सांगता. तो घासाघीस करत नाही. (इथेच कान टवकारले पाहिजेत. पन्नास किलो घेणारा माणूस भाव कमी करून मागणार नाही, असं कधी झालंय?)

"पैसे आगाऊ पाठवतो. एक कोड पाठवलाय, तो स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील."

थांबा. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. बाजारात भाजी विकून पैसे घेताना आपण स्वतःच्या पाकिटाची चेन उघडून गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तसंच आहे हे. पिन टाकला की पैसे जाणार, समोरचा काहीही म्हणो.

दुसरा प्रकार सहा आकडी कोडाचा. "तुमच्या नंबरवर चुकून माझा कोड आलाय, सांगता का?" हा कोड बहुतेक वेळा तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा असतो. तो दिलात की तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या सख्यांना मेसेज जातात, "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव, संध्याकाळी देते." आणि सख्या पाठवतात, कारण तो भरवसा आपणच इतकी वर्षं बचतीच्या वहीवर जमवलेला आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असते. ती चालू केली की त्या कोडाशिवाय तुमचा स्वतःचा वेगळा पिनही लागतो. नीट न जमलं तर सीआरपी ताईंकडून किंवा कॉलेजातल्या मुलीकडून करून घ्या, पण पिन स्वतः टाका.

तिसरा प्रकार फाइलचा. लग्नाची पत्रिका, गाडीचा दंड, पीएम किसानची यादी, लाडकी बहीणची ई-केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी "एपीके" लिहिलेलं असतं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. ते फोनमध्ये बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली गेली, की ओटीपी विचारायचीही गरज राहत नाही.

सिनेमातली एक गोष्ट खरी निघाली

चोर काचेच्या ग्लासावरचा अंगठ्याचा ठसा उचलतो आणि त्याने दार उघडतो, हे आपण पडद्यावर शंभरदा बघितलंय. हे मात्र थापेबाजीचं नाही. आधार आणि अंगठ्यावर पैसे मिळायला लागल्यावर, जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून त्यांचे रबरासारखे साचे केल्याची प्रकरणं तेलंगणा, आंध्र, हरियाणा अशा राज्यांत पोलिसांनी पकडली आहेत. यावर उपाय आहे. आधारच्या ॲपवर किंवा आधार केंद्राच्या मदतीने बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक असताना तुमचाही अंगठा चालत नाही. पैसे काढायच्या आधी थोड्या वेळापुरतं उघडायचं.

साच्याची भानगड न करताही अंगठ्याने फसवता येतं, आणि गावात हेच जास्त सोपं असतं. "आजी, अंगठा उमटला नाही, परत ठेवा." दोनदा ठेवला की पैसे दोनदा निघतात आणि आजीच्या हातात एकदाच येतात. आपल्या बँक सख्या भरवशाच्या आहेत, तरीही पावती मागायची सवय ठेवावी. पावती मागितल्याने चांगल्या माणसाला राग येत नाही. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन जा, पावतीवरची शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा.

आता चोरच सिनेमा काढतो

गेल्या काही वर्षांत गंमत उलटी झाली आहे. सिनेमावाले चोराचं खोटं चित्र दाखवत होते, तर चोरांनी तोच नाटकीपणा उचलला. व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, बोधचिन्ह, वायरलेसचा आवाज. "तुमच्या आधारवर पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना चोरांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा दाखवली आणि सात कोटी रुपये उकळले. इतका अनुभवी माणूस फसला. तेव्हा फसलेल्या बाईला "अडाणी" म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये "मन की बात"मध्ये हे सांगितलं. "कुणाला सांगू नका" हे वाक्य ऐकलं, की पहिली शेजारणीला हाक मारा.

पैसे गेल्यावर

इथे सिनेमाने आपलं सगळ्यात जास्त नुकसान केलंय असं मला वाटतं. सिनेमात ज्याचे पैसे जातात तो बिचारा निर्दोष असतो, कारण चोर महाबुद्धिमान. आपल्याकडे ओटीपी आपणच सांगितलेला असतो. त्याची लाज वाटते. नवरा काय म्हणेल, गटात तोंड कसं दाखवू, म्हणून बाई दोन दिवस गप्प बसते. नेमके तेच दोन दिवस मोलाचे असतात.

चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतात. १९३० या नंबरवर लगेच फोन केला, तर ते ज्या खात्यात असतील तिथे अडवण्याची सूचना बँकांना जाते. अडवलेले पैसे परत मिळू शकतात. एटीएममधून निघालेले मिळणं कठीण. म्हणून आधी १९३० आणि स्वतःची बँक, रडायचं ते नंतर. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात वेळेलाच महत्त्व आहे. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झालेल्या बाईलाही लवकर बोलण्यात फायदा आहे.

आलेला नंबर, मेसेज काहीही पुसू नका. सिनेमात पोलीस म्हणतात, "त्याला अजून तीस सेकंद बोलत ठेवा, म्हणजे ठिकाण कळेल." "अ वेन्सडे"मध्ये (२००८) त्यासाठी एक हॅकर पोरगा बसवलेला आहे. खरं तर कॉलची नोंद फोन कंपनीकडे आपोआप होते आणि पोलीस ती रीतसर मागवतात. चोराला बोलत ठेवायची काही गरज नाही. फोन ठेवा.

आणि एक. पैसे गेल्याची बातमी फुटली, की आणखी एक फोन येऊ शकतो. "मी एथिकल हॅकर आहे. चोराचं खातं हॅक करून तुमचे पैसे परत आणतो, फक्त दोन हजार फी." सिनेमाच्या शेवटी हिरो असंच करतो ना! हा हिरो पहिल्या चोराचाच भाऊबंद असतो.

एकीचे पैसे गेले की तिचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की दहाजणींना बँकेत उत्तर द्यावं लागतं. म्हणून यावर बोलणं हे गटाचंच काम आहे.

या महिन्याच्या बैठकीत करून बघा

पहिला खेळ. एकीने तीन आकडी नंबर मनात धरायचा. दुसरीने ओळखायचा. आधी प्रत्येक आकड्याला "बरोबर, चूक" सांगा. मग नवा नंबर धरून फक्त पूर्ण नंबरालाच "बरोबर" किंवा "चूक" म्हणा. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. दुसऱ्या वेळी बहुधा चहा येईपर्यंतही ओळखता येणार नाही.

दुसरा खेळ. गटातल्या सगळ्यात बोलक्या सखीला चोर करा. तिने पापडाचं गिऱ्हाईक, बँकेचे साहेब किंवा पोलीस होऊन कुणालाही खोटा फोन लावायचा. जिला लावला तिने बोलत राहायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जिथे फोन ठेवायला हवा असं वाटेल तिथे टाळी वाजवायची. टाळी कुठल्या वाक्याला वाजली, ते इतिवृत्तात लिहून ठेवा.